मुतखडा: तीन सोनोग्राफ्या, तीन उत्तरं. आता भरवसा कोणावर ठेवू?

पऱ्हाटी | ४ जानेवारी, रात्री ९.२०

राम राम मंडळी. चार वर्षांपासून नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

राहणार दर्यापूर तालुका, म्हणजे खारपाणपट्टा. वय ३९, धंदा शेती. दसऱ्यानंतर कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात होतो तेव्हा उजव्या कुशीत अशी कळ निघाली की धुऱ्यावर आडवा झालो. आडवं बरं वाटेना म्हणून बसलो, बसवेना म्हणून उठलो, शेवटी बाभळीला धरून ओणवा उभा. कळ मागून कमरेतून निघायची आणि पुढे जांघेत उतरायची. दोन उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून इंजेक्शन दिलं, तासाभरात सगळं शांत. आठवड्यानं पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले अपेंडिक्स असू शकतं, भरती व्हा. तिथून सटकलो.

तालुक्याला सोनोग्राफी केली : उजव्या किडनीत ७ मिमीचा खडा. पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी केली : ४ मिमी. मग दीड महिना रोज सकाळी पानफुटीची दोन पानं आणि कुळथाचं पाणी. डिसेंबरात तिसरी सोनोग्राफी : "खडा दिसत नाही. उजव्या किडनीला हलकी सूज." कळ तर महिनाभर आलेली नाही. घरी शिरापुरी झाली.

आता अमरावतीचे एक डॉक्टर रिपोर्ट पाहून सीटी स्कॅन करा म्हणतात. खडाच नाही तर सीटी कायचा? साळा म्हणतो, कमिशनचा मामला आहे, जाऊ नका. तुमचं काय मत?

खामगावचा_बंड्या | ९.३४

पहिले पानफुटीचा पत्ता सांगा. आमची कुंडी बकरीनं खाल्ली.

वऱ्हाडी_ठेचा | ९.५१

भाऊ, पडला तुमचा खडा. कायले टेन्शन घेता? मले २०१४ मदी झाला होता, सहा मिमीचा. डॉक्टर म्हने ऑपरेशन. म्या म्हतलं थांबा बाप्पा, पयले कपाशी घरी येऊ द्या. सकाळ-संध्याकाळ कुळथाचं पाणी, अन् शनिवारी दोन बाटल्या बियर. एक दिवस लघवीले बसलो तं टिन्नकन आवाज आला संडासच्या भांड्यात. तवापासून आजलोक काई नाई. सीटीचे तीन हजार वाचवा अन् पोरायले कपडे घ्या.

गाळणीवाली | १०.१५

ठेचाभाऊ, तुमचा आवाज आला, यांचा आला का? पऱ्हाटीभाऊंनी खडा पडताना पाहिला असं कुठंच लिहिलेलं नाही.

माझी गोष्ट सांगते. वर्ध्याला असते. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा ५ मिमी. डॉक्टरांनी लघवीची नळी सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी दिली आणि सांगितलं, महिनाभर प्रत्येक वेळी लघवी गाळायची. मी म्हटलं, कशातून? म्हणाले, घरात चहाची गाळणी असेल ना. एक नवीन स्टीलची गाळणी आणली, तिला लाल दोरा बांधला आणि सगळ्यांना बजावून ठेवलं. सव्विसाव्या दिवशी पहाटे गाळणीत एक काळपट दाणा. मोहरीपेक्षा मोठा, ज्वारीपेक्षा लहान, आणि बोटाला लागला तर सराट्याच्या काट्यासारखा. एवढ्याशा वस्तूनं मला बाळंतपण आठवायला लावलं होतं! तो तपासायला पाठवला. कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. बहुतेकांचा तोच असतो म्हणे.

त्या गाळणीचं पुढं काय झालं ते विचारू नका. सासूबाईंना दोऱ्याचा अर्थ माहीत नव्हता.

खामगावचा_बंड्या | १०.१८

नाही विचारत. चहा सोडला.

फिल्मवाला | ११.०२

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात एक्स-रे आणि सीटीचा टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. रोज खडेच पाहतो, म्हणून लिहितो.

पऱ्हाटीभाऊ, ७ आणि ४ यावर डोकं खपवू नका. सोनोग्राफीत लहान खडा बऱ्याचदा आहे त्याहून मोठा मोजला जातो, आणि माप हे प्रोब धरणाऱ्याच्या हातावर असतं. दोन हात, दोन मापं. त्यात कोणी खोटं बोललेलं नाही.

खरी अडचण पुढं आहे. खडा किडनीत बसलेला असेल तर सोनोग्राफीत बरा दिसतो. तो उतरून लघवीच्या नळीत आला की लपतो, कारण त्या नळीच्या पुढ्यात आतडी असतात, आतड्यांत हवा असते आणि हवेपलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. नळीचं किडनीजवळचं टोक आणि मूत्राशयाजवळचं टोक कधीकधी सापडतं, तेही लघवीची पिशवी टम्म भरलेली असेल तर. "पाणी पिऊन बाहेर बसा, दाबून ठेवा" हे म्हणूनच सांगतो, छळायला नाही. त्यात निम्मे लोक नंबर यायच्या आधी मोकळे होऊन येतात आणि शपथेवर सांगतात की पिशवी भरली आहे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या रिपोर्टात "खडा दिसत नाही" यापेक्षा "हलकी सूज" हे मोठं आहे. मोरीचा पाईप तुंबला की मागं पाणी साचतं, तसं ते. कदाचित खडा नुकताच पडला असेल आणि सूज उतरायची राहिली असेल. कदाचित तो नळीत बसला असेल. तुमच्याकडं खडा हातात नाही, तेव्हा यातलं कोणतं खरं ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

कळ थांबली हा पुरावा धरू नका. कळ खडा टोचल्यानं कमी आणि नळी तुंबून वर दाब वाढल्यानं जास्त येते. थोडी वाट मोकळी झाली किंवा किडनी दाबाला सरावली की दुखणं थांबतं आणि खडा तिथंच बसून राहतो. बिनदुखता किडनी सुकलेले लोक मी टेबलावर घेतले आहेत. त्यांच्या फिल्म मला आठवतात.

साध्या एक्स-रेनं भागेल का म्हणाल, तर युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेत दिसतच नाही. कागदावर "एनसीसीटी केयूबी" लिहून दिलं असेल तर ती साधी सीटी. शिरेतून औषध सोडत नाहीत, दहा मिनिटांत खाली उतरता. किरणं लागतात हे खरं, त्यामुळं हौसेनं वरचेवर करायची गोष्ट नाही, आणि गरोदर बाईचं आधी सोनोग्राफीवरच भागवतात. पण तुमच्या जागी मी असतो तर केली असती.

पांढरं_सोनं | ५ जानेवारी, सकाळी ७.४०

टेक्निशियनसाहेब सीटीची जाहिरात करणार नाहीत तर काय खुरप्याची करतील?

रागावू नका, पण दुसरी बाजू पण आहे. माझी कंबर दोन वर्षं दुखत होती. सोनोग्राफीत डाव्या किडनीत ३ मिमीचा खडा निघाला. झालं! दोन वर्षं खड्याचीच औषधं. सिरपच्या बाटल्या इतक्या झाल्या की पोरानं त्यात मनीप्लांट लावले. शेवटी डावा पाय बधिर व्हायला लागला तेव्हा एका हाडाच्या डॉक्टरनं वाकवून पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, मणक्याची गादी सरकली आहे. खडा बिचारा आजही तिथंच आहे, ३ मिमीचाच. त्यानं मला कधीच काही केलं नव्हतं. तपासण्या जास्त केल्या की असंही होतं.

फिल्मवाला | ८.०५

सोनंभाऊ, यात तुमचं शंभर टक्के बरोबर. किडनीत गुपचूप बसलेला लहान खडा सहसा दुखत नाही. वाकल्यावर, ओझं उचलल्यावर दुखतं, एका कुशीवर निजलं की बरं वाटतं, तर ते बहुतेक कमरेचं. खड्याच्या कळेत माणसाला कोणतीच कूस मानवत नाही, पऱ्हाटीभाऊ बाभळीला धरून उभे होते तसं. लघवीच्या तपासणीत रक्तपेशी निघाल्या का, हेही पाहतात. चित्रात खडा दिसला म्हणजे दुखणं त्याचंच, असं नसतं.

जाहिरातीचं म्हणाल, तर माझा पगार महिन्याचा आहे. मशीन रिकामी राहिली तर मी सुखी.

झाडीपट्टी | ९.३०

कमिशन घेणारे फक्त दवाखान्यातच असतात का? आमच्या भंडाऱ्याकडचं ऐका.

वडिलांना खडा होता. कोणीतरी सांगितलं, अमुक गावात एक माणूस तोंडानं खडा ओढून काढतो. चिरफाड नाही, गोळी नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, सोबत गेलो. अंगणात वीस-पंचवीस माणसं बसलेली. त्यानं वडिलांच्या पोटावर ओला फडका टाकला, त्याला तोंड लावून जोरात चोखलं आणि ताटलीत थुंकला. ताटलीत दोन खडे, थोडी रेती. वडिलांनी पाचशे रुपये आणि नारळ दिला, खडे कागदात बांधून घरी आणले, आल्यागेल्याला दाखवायचे. मी ते हातात घेऊन पाहिले. तांबूस, कोपरे असलेला मुरूम. त्याच्या अंगणात पसरलेला होता तोच. मी एवढंच म्हटलं तर वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गंमत अशी की कळ खरंच थांबली होती. दोन वर्षांनी अंगाला सूज आली म्हणून सेवाग्रामला नेलं. कस्तुरबा रुग्णालयात सांगितलं की खडा नळीतच आहे, आणि त्या बाजूची किडनी जवळजवळ बंद पडली आहे. दुसरीवर सगळं चाललं आहे. पडला पडला म्हणून आम्ही एकदाही पुन्हा सोनोग्राफी केली नव्हती. फिल्मवाले वर जे म्हणतात ते आमच्या घरात झालेलं आहे.

पऱ्हाटीभाऊ, साळ्याला हे वाचून दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा | ९.४४

माय माय. हे वाचून बियरची नशाच उतरली.

सुईदोरा | ११.२०

बायांचं कोणी बोलेल म्हणून वाट पाहत होते.

आम्ही वेचायला सकाळी सातला निघतो. ओटी बांधली की दुपारच्या भाकरीपर्यंत कमर सरळ नाही. माणसं धुऱ्याच्या पलीकडं जाऊन येतात. बाईनं कुठं जायचं? कपाशी कमरेएवढी, आजूबाजूला मजूर. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. एका बाटलीत दिवस काढायचा आणि थेट घरी येऊन. माझी आई तशीच करायची, मी तशीच शिकले.

मागच्या वर्षी थंडी वाजून ताप आला, सोबत डावी कूस दुखायची. मलेरिया म्हणून सहा दिवस गोळ्या. रक्तात मलेरिया निघाला नाही तरी गोळ्या चालूच. सातव्या दिवशी मला नीट बोलता येईना तेव्हा नवऱ्यानं गाडी करून अकोल्याला मेडिकल कॉलेजात नेलं. खडा अडकलेला, मागं तुंबलेल्या लघवीत पू झालेला. त्याच रात्री आत नळी टाकून ती वाट मोकळी केली. खडा नंतर काढला, आधी जीव वाचवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खडा आणि ताप एकत्र आले तर सकाळची वाट पाहायची नसते. कुळीथ नाही, पानफुटी नाही, सरळ निघायचं.

आता मी दोन बाटल्या नेते. आणि आम्ही चौघींनी मिळून जुन्या साडीचा आडोसा केला आहे, बांबूच्या चार काठ्यांना बांधून. ज्या वावरात जाऊ तिथं सोबत नेतो. पहिल्या दिवशी मुकादम हसला.

गाळणीवाली | ११.३१

सुईदोराताई, साष्टांग नमस्कार. आडोशाचा फोटो टाका, आमच्या बचतगटात दाखवते.

संत्राबाग | दुपारी १.१५

खारपाणपट्ट्याचा विषय निघालाच आहे तर : आमच्याकडं सगळे म्हणतात, बोअरच्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर बसतो तसाच किडनीत बसतो. एवढं सरळ ते नाही. जड पाण्यानं खडा होतो हे काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. माझं निरीक्षण वेगळं आहे. दर्यापूरला माझी बहीण दिली आहे, तिच्याकडं गेलो की पाणी घशाखाली उतरत नाही, मचूळ लागतं. मग माणूस पाणी कमी आणि चहा जास्त पितो. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, सगळं घामात जातं. लघवी हळदीसारखी पिवळी. लघवीतले क्षार घट्ट झाले की पेंडच बसणार! शिवाय मीठ जास्त पोटात गेलं की लघवीत कॅल्शियमही जास्त उतरतं, आणि आपल्याला ठेच्याशिवाय आणि लोणच्याशिवाय भाकर जात नाही.

किती प्यावं? मला डॉक्टरांनी पाण्याचं नाही, लघवीचं माप दिलं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. उन्हाळ्यात वावरात असाल तर त्यासाठी चार-पाच लिटरही प्यावं लागतं. ज्यांची किडनी किंवा हृदय आधीच कमजोर आहे त्यांनी मात्र विचारूनच.

आणि एक. दूध-दही सोडू नका. "कॅल्शियमचा खडा म्हणून दूध बंद" हे मी स्वतः दोन वर्षं केलं आणि दुसरा खडा करून घेतला. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. ते नसलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत येतं. पालकात ऑक्झलेट भरपूर, तो मात्र बेतानं. टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम केलं आहे. लिंबात, संत्र्यात सायट्रेट असतं, ते खडा जमू देत नाही. वरुडवाला म्हणून संत्र्याची जाहिरात करतोय असं म्हणणार असाल तर म्हणा. भाव पडला आहे, खा!

खामगावचा_बंड्या | १.२२

अवांतर : खर्ऱ्यातल्या चुन्यानं खडा होतो का? मित्रासाठी विचारतोय.

फिल्मवाला | १.४०

मित्राला सांगा, खर्ऱ्यानं तोंड उघडायचं बंद झालं की खड्याची काळजी राहत नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या सीटी पण मीच काढतो.

पांढरं_सोनं | २.१०

बरं, मान्य. कंबर दुखत असताना खडा शोधू नये, आणि किडनी सुजली असताना कंबर चोळत बसू नये. पऱ्हाटी, करून टाका सीटी. दर मात्र दोन-तीन ठिकाणी विचारा, हजाराचा फरक असतो.

मुक्कामपोस्ट | सायं. ६.४५

काढायचा निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया बसतात. राशनकार्ड आणि आधार घेऊन जा. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधी त्याला भेटा. एकदा बिल भरून बसलात की मग हात चोळणं.

दुसरं, आत स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी नळी, टाकला तर तो काढायचा असतो! आमच्या काकाजींना वाटलं कायमचा आहे. दीड वर्ष फिरले. त्या नळीवरच खडे जमले, मग एकाच्या जागी दोन ऑपरेशनं. कागदावर तारीख लिहिलेली होती. कागद देव्हाऱ्यात होता.

पऱ्हाटी | १९ जानेवारी, रात्री ८.३०

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

झाडीपट्टी यांचा प्रतिसाद साळ्याला खरंच वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल घेऊन दारात उभा, म्हणे चला अमरावतीले.

सीटीत खडा निघाला. उजव्या नळीत, खाली, मूत्राशयाच्या थोडा वर, ८ मिमी. किडनीची सूज "हलकी" वरून "मध्यम" झालेली. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत हलला नाही तो आता हलणार नाही, आणि किडनी वाट पाहायच्या स्थितीत नाही. खालून दुर्बीण घालून लेसरनं फोडून काढला. पोटावर टाका नाही. योजनेत बसलं. दुसऱ्या दिवशी घरी. आत स्टेंट आहे, लघवीला गेलो की कमरेत कळ मारते आणि दर तासाला जावंसं वाटतं, पण त्या बाभळीपुढं हे काहीच नाही. स्टेंट १० फेब्रुवारीला काढायचा आहे. मुक्कामपोस्टभाऊ, कागद देव्हाऱ्यात नाही, बायकोनं तारीख पिठाच्या डब्यावर खडूनं लिहिली आहे.

एक गोष्ट मनाला लागली. डॉक्टरांना विचारलं, डिसेंबरात शिरापुरी झाली तेव्हा खडा कुठं होता? म्हणाले, बहुतेक तिथंच. म्हणजे मी गोड खात होतो आणि हा आत बसलेला.

बंड्याभाऊ, पानफुटी घेऊन जा. फुलोऱ्यावर आली आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ८.४१

बरं झालं भाऊ. म्या पन काल सोनोग्राफी केली, दहा वर्षांनी. डाव्या किडनीत दोन हायेत. टिन्नकन वाजला तो एकटाच होता वाट्टे. तुमच्या त्या डॉक्टरचा पत्ता टाका मेसेजमदी.

गाळणीवाली | ८.५०

पऱ्हाटीभाऊ, फोडलेल्या खड्याचे तुकडे दिले का? तपासायला टाका. कशाचा आहे ते कळलं की पुढचं पथ्य नेमकं ठरतं. आणि रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिड पण बघून घ्या.

पऱ्हाटी | ८.५८

हो, दिले. दोन-तीन तुकडे आहेत. उद्या लॅबला नेतो. हरवू नयेत म्हणून चुन्याच्या डबीत ठेवले आहेत.

फिल्मवाला | ९.०१

भाऊ!! आधी काढा त्या डबीतून. स्वच्छ पाण्यानं धुवा, सुकवा आणि कोऱ्या बाटलीत टाका. नाहीतर लॅबवाला चुनाच तपासत बसेल.